थोरली कोण, धाकटी कोण

कॉम्प्युटरच्या दुकानांनी खचाखच भरलेल्या त्या इमारतीत पडदेवाल्यांचा पत्ता कुणाला विचारावा लागत नसे. जिन्याच्या तोंडाशी केबली विकायला बसणारा माणूस नवख्याचा गोंधळलेला चेहरा पाहूनच सांगायचा, "पडदा ना? दुसरा मजला, डावीकडे. आणि घाईत असाल तर जाऊच नका. ते माणसाला बसवून घेतात."

पडदेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या पाकिटावर असेल तेवढंच, बाकी जगाला त्याची गरज पडली नाही.

कॉम्प्युटरच्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड असतं. स्क्रीनवर घोडा दौडला, विमान उडालं, पाण्यावर ऊन चमकलं, की समजावं, आत ते कार्ड घाम गाळतंय. वर्षा-दोन वर्षांनी त्याचा नवा अवतार बाजारात येतो, आणि कालपर्यंत सुखाने नांदणाऱ्या माणसाला घरातलं कार्ड एकाएकी म्हातारं वाटायला लागतं. असा माणूस दारात आला की बाकीचे दुकानदार त्याच्यावर आकडे फेकत. हे इतक्या टक्क्यांनी जास्त, ते इतक्या पटीने वेगवान. पडदेवाले आकडा उच्चारतच नसत.

"आकडा कानाने ऐकायचा असतो," ते म्हणत. "तुम्ही काय घेणार आहात, चित्र ना? ते डोळ्यांनी बघा. या, बसा."

आणि मग तो प्रयोग सुरू व्हायचा. एका लांब टेबलावर अगदी जुळी म्हणावीत अशी दोन कॅबिनेटं. एकात जुनं कार्ड, एकात नवं. दोन्हींपुढे जाड निळा पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे दोन सारखे मॉनिटर. पडद्यामागे एक खडखड्या टेबलफॅन मुद्दाम चालू ठेवलेला असे, कारण कार्डाच्या पंख्याच्या आवाजावरून नवं-जुनं ओळखणारे बिलंदर कमी नव्हते. दोन्ही स्क्रीनवर एकच देखावा एकाच वेळी चालू व्हायचा. पडदेवाले गिऱ्हाइकाच्या मागे उभे राहत आणि खर्जातल्या आवाजात विचारत, "सांगा. थोरली कोण, धाकटी कोण?"

जुन्या कार्डाला ते थोरली म्हणत, नव्याला धाकटी. एका घरातल्या दोन जावा.

गिऱ्हाइकाने बरोबर ओळखलं तर म्हणायचे, "घ्या खुशाल धाकटी. तुमची नजर तिच्या लायकीची आहे." आणि ओळखता आलं नाही, माणूस मान इकडून तिकडे करत घुटमळला, की हात जोडायचे. "मग घरी जा. थोरली अजून मान खाली घालून नांदतेय. कशाला बाहेर काढता बिचारीला?"

या प्रयोगाचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःलाच घालून घेतला होता. पडदा लागला की कॅबिनेटला हात नाही. फार पूर्वी एकाने आळ घेतला होता की हे मध्येच मागे जाऊन काहीतरी कळ फिरवतात. तेव्हापासून पडदा लागल्यावर ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. आभाळ कोसळलं तरी सोडत नसत.

दुकान मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. पडदेवाल्यांचं स्वतःचं एके काळी टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, जुन्या पोटाळ्या टीव्हींचं. भिंतीला चिकटणारे चपटे टीव्ही आले आणि ते दुकान पोटातल्या पोटात मेलं. मेहुण्याने तेव्हा बोलावून घेतलं. त्या उपकाराचा उच्चार त्याने कधी केला नाही. तो बायको करत असे, भाजीत मीठ घालावं तसा, बेताने पण रोज.

मेहुणा माणूस गोड होता. भाऊजी सोडून दुसरा शब्द नाही. पडद्यापुढून रिकाम्या हाताने परत जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हसून निरोप द्यायचा, कारण त्याला ठाऊक होतं, की इथे आपल्याला फसवलं नाही म्हणून हाच माणूस उद्या कीबोर्ड घ्यायला इथेच येणार, चार मित्रांना घेऊन येणार. पडदेवाल्यांचा शब्द हा त्या दुकानातला सगळ्यात खपणारा माल होता. फक्त त्याच्यावर किंमत लिहिलेली नव्हती.

त्या वर्षी जे नवं कार्ड निघालं, ते मेहुण्याने भरमसाट उचललं. खोकी मोरीच्या दारापर्यंत आली. हात धुवायला जायचं तर अंग चोरून जावं लागे.

"एवढं कशाला घेतलंस?" पडदेवाल्यांनी विचारलं.

"भाऊजी, वारा आहे तोवर उफणून घ्यायचं. आणि या खेपेला पडदा इथे नको. खाली लावू, तळमजल्यावर, मोकळ्या जागेत. सगळ्या इमारतीला दिसू दे."

"आणि लोकांना फरक दिसलाच नाही तर? ही खोकी काय उशाला घेणार आहेस?"

"तुम्ही बोलाल ते. मी आजवर कधी तुमच्या शब्दाच्या आड आलोय?"

नव्हता आला. ही गोष्ट खरी होती, म्हणून पडदेवाले उभारीने तयारीला लागले. त्यांनी थोरली निवडली ती आपल्या हाताखालची, काळ्या पत्र्याची, एका कोपऱ्यात जराशी पिचलेली. असली शेकडो कार्डं त्यांनी लोकांना दिली होती. ब्रशने पंख्यातली धूळ काढली, चिपवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. नातवंडाला शाळेच्या पहिल्या दिवशी पाठवावं तशी नटवली म्हणा ना. त्यांच्या नेहमीच्या देखाव्यावर ती लोण्यासारखी चालली. मग नवं कार्ड त्याच कॅबिनेटात घालून बघितलं, दोन्ही पेट्या खरोखर सारख्या आहेत ना याची खातरजमा केली, नवं पुन्हा त्याच्या पेटीत नेलं. मेहुणा मध्येच येऊन जाहिरातीसाठी दोन्ही पेट्यांचे उघड्या पोटाने फोटो काढून गेला. मग झाकणं लागली, पडदा लागला.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर ही गर्दी. जिन्यावर माणसं, कठड्यावर माणसं. पडदेवाल्यांनी नुसता खाकरून गळा साफ केला तर टाळ्या पडल्या. माणूस कितीही साधा असो, टाळी कानात गेली की पाठीचा कणा आपोआप ताठ होतो.

पहिल्या खुर्चीत बसला पायलट. हा आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेला गृहस्थ. आता घरी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा, म्हणून ते नाव. त्याच्याकडे हीच थोरली होती, पडदेवाल्यांच्या हातची. मागे एकदा तो नव्या कार्डासाठी आला होता तेव्हा पडदेवाल्यांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं होतं: "तुमचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. साठ सीटची गाडी. स्टॉपवर शंभर उभे राहिले काय नि दीडशे काय, बसणार साठच." पायलट खो खो हसला होता आणि परत गेला होता.

मेहुण्याच्या आग्रहाने त्या दिवशी देखावा नव्या गेमचा ठेवला होता. नुकताच आलेला, पडदेवाल्यांनी एकदाही चालवून न पाहिलेला. भरलेला बाजार, हजार वस्तू, आणि त्यातून भरधाव निघालेला घोडेस्वार. डाव्या स्क्रीनवर घोडा वाऱ्यासारखा गेला. उजव्या स्क्रीनवर त्याला उचकी लागली. चार पावलं टाकी, थबके, पुन्हा चार पावलं, पुन्हा थबके.

"अहो, हे काय विचारणं झालं?" पायलट मोठ्याने म्हणाला. "डावीकडे धाकटी. उजवीकडे आमची थोरली. दम लागलाय हो तिला!"

गर्दी हसली. दुसरा बसला, तिसरा बसला. चष्मा घरी विसरलेल्या एका आजीबाईंनीही ओळखलं. पडदेवाल्यांना पटेना. थोरली थकलेली असेल, पण ही अशी? पाठीमागे बांधलेले हात सुटले. उजवा हात पडद्याच्या कडेपर्यंत गेला. तेवढ्यात शेजारी उभा असलेला मेहुणा हळूच म्हणाला, "भाऊजी. पडदा लागलाय."

हात मागे आला. नियम म्हणजे नियम. नवा गेम आहे, जड आहे, म्हातारपण कुणाला चुकलंय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आणि मग शेवटच्या पायरीवरच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "फरक आहे. उघड्या डोळ्यांना दिसणारा फरक आहे. माझा शब्द."

लोक खोक्यांवर तुटून पडले. जुनं द्या, नवं घ्या अशी योजना होती. जुनी कार्डं एका प्लॅस्टिकच्या टबात पालथीसुलथी पडू लागली. पायलट फडक्यात गुंडाळून आणलेली आपली थोरली घेऊन टबापाशी उभा राहिला आणि तिथून ओरडला, "पडदेवाले, तुमच्याच हातची आहे. सोडू?"

"सोडा," पडदेवाले म्हणाले.

पुढे बरेच दिवस गेले. टब भंगारवाल्याकडे गेला, खोकी मोरीपासून मागे हटत हटत संपली. मेहुण्याने दुकानात पेढ्याबिढ्याचं काही केलं नाही, पण भाऊजींच्या खुर्चीला नवी गादी आली. मग एका दुपारी पडदेवाल्यांनी खाली पडून राहिलेली ती दोन कॅबिनेटं वर आणवली आणि आपल्या टेबलावर ठेवून उजवीकडच्याचं झाकण काढलं.

थोरली खालच्या स्लॉटमध्ये बसलेली होती.

मदरबोर्डवर कार्ड खोचायला दोन लांब स्लॉट असतात. दिसायला सख्ख्या बहिणी. पण वरचा हमरस्ता असतो आणि खालचा बोळ. कार्ड बोळात खोचलं तरी चित्र येतं, काहीच बिघडलंय असं वाटत नाही. साध्या देखाव्यावर तर फरकही कळत नाही. पण भरलेला बाजार दाखवायची वेळ आली की जुन्या कार्डाची स्वतःची मेमरी अपुरी पडते, त्याला घडीघडी मुख्य मेमरीकडून सामान मागवावं लागतं, आणि ते सामान त्या बोळात अडकून बसतं. घोड्याला उचकी लागते.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. नवं कार्ड या पेटीत घालून बघताना थोरली त्यांनीच वरून काढून खाली खोचली होती. टेबलावर उगाच पडून राहायला नको म्हणून. नवं काढून नेलं, आणि हिला वर आणायचं राहिलं. कुणा शिकाऊ माणसाने असं केलं नसतं. तो कार्ड टेबलावर ठेवतो आणि त्याच्यावर चहा सांडतो. ही चूक करायला हात तयार असावा लागतो.

थोरली त्यांनी वरच्या स्लॉटमध्ये खोचली. तोच गेम लावला. घोडा सरळ गेला, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकदाही थबकला नाही.

पडदेवाले तसेच मेहुण्याच्या काचेच्या खोलीत गेले. "अरे, माझ्या हातून फार मोठा घोळ झालाय."

सगळं ऐकून मेहुण्याने खुर्ची पुढे ओढली. "बसा, भाऊजी. पाणी घ्या. मला वाटलं, काय झालं नि काय."

"तुला कळतंय का मी काय सांगतोय?"

"कळतंय ना. मला फोटो काढतानाच दिसलं होतं."

पडदेवाल्यांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, याने चुकीचं सांगितलं. मेहुण्याच्या चेहऱ्यावर मात्र रोजचं गोड हसू होतं, जराही न हललेलं.

"दिसलं होतं, आणि बोलला नाहीस?"

"काय बोलणार? आमच्या ताईचा नवरा, वयाने मोठा, एवढं नाव. चारचौघांत तुमची चूक काढू? मी तुमचा मान राखला."

"चारचौघे कुठे होते तेव्हा? आपण दोघंच होतो."

"मग दोघांत राखला." मेहुण्याने फोन उचलून पालथा ठेवला. "भाऊजी, मी खोटं बोललो का? नाही. तुम्ही बोललात का? तुम्हाला जे दिसलं ते तुम्ही सांगितलंत. कुणी कुणाला फसवलं, दाखवा मला."

"मी हात घातला होता पडद्याला. तू मला अडवलंस."

"नियम तुमचा आहे," मेहुणा म्हणाला. "मी आठवण केली."

चोर पकडावा तर चोराच्या हातात आपलीच किल्ली.

घरी बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिने सगळं ऐकलं, पण हात थांबवला नाही.

"अहो, चूक तुमची. मग खापर त्याच्यावर कशाला?"

"त्याला दिसत होतं, आणि तो गप्प बसला."

"या घरात मी काय काय बघून गप्प बसलेय, सांगू? संसार चालतो तो त्याच्यावरच."

"संसार वेगळा, धंदा वेगळा."

"हो का? तुमचं दुकान बंद पडलं, तुम्ही पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होतात, तेव्हा तो म्हणाला, ताई, भाऊजींना माझ्याकडे पाठव. तेव्हा नाही आठवलं, संसार वेगळा नि धंदा वेगळा?" इस्त्रीतून वाफ फुसफुसली. "लोकांना सांगणार आहात ना? सांगा. दुकानावर दगड पडतील. तुमचा शब्द तुम्ही पुन्हा कमवाल हो. मला एकच भाऊ आहे, तो मी कुठून आणू?"

रात्रभर... छे, रात्रभर काही नाही, त्यांना लगेच झोप लागली, आणि त्याचंच सकाळी त्यांना वाईट वाटलं. उठले ते मनाशी तोड काढूनच. मेहुण्याचं नाव घ्यायचं नाही. फक्त आपली चूक, आपल्या तोंडाने, निदान एका माणसाला तरी सांगायची. ज्याला 'सोडा' म्हणालो त्याला.

पायलटचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे मोडीत निघालेल्या बसमधली ड्रायव्हरची सीट बसवलेली, स्प्रिंगसकट. पायलट तिच्यावर डुलत होता.

"अरे, या या! देवासारखे आलात. बघा, ढग बघा. कापूस पिंजून ठेवलाय नुसता. जुन्यात असे नव्हते हो दिसत."

पडदेवाल्यांनी ढग पाहिले. तेच ढग होते. थोरलीवर त्यांनी ते स्वतःच कधीतरी याच खोलीत लावून दिले होते.

"तुमच्याशी बोलायचंय," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. स्लॉट, बोळ, घोड्याची उचकी. मेहुण्याचं नाव तेवढं गाळलं. पायलटचं विमान बोलता बोलता एका डोंगराच्या दिशेने निघालं होतं, त्याला त्याने सावरलं नाही.

आतून सून बाहेर आली. हात कोपरापर्यंत साबणाचे. दवाखान्यात नोकरी करून आल्यावर घरभराचे कपडे हाताने धुवायची ती. धुण्याच्या यंत्रासाठी म्हणून घरात पैसे बाजूला टाकलेले होते, आणि सासऱ्याच्या हौसेपुढे तिने पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं.

"काका, म्हणजे जुनं चाललं असतं?"

पडदेवाल्यांनी सासऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "चाललं असतं."

ती आत गेली. मोरीतून कपडे आपटण्याचा आवाज येऊ लागला, मघापेक्षा थोडा मोठा, एवढंच.

पायलटने स्क्रीन बंद केला. "तुम्ही का आलात?"

"चूक झाली ती सांगायला."

"सांगितलीत. आता तुम्हाला बरं वाटेल." सीटच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. "मला? इतके दिवस मी खुशीत होतो हो. सकाळी उठायचं नि ढगात जायचं. सूनही म्हणायची, बाबा रमलेत, जाऊ दे. आता मी ढग बघायला बसलो की आतून हा आवाज येणार. ऐकताय ना?"

"मी जुनं कार्ड परत आणून देतो."

"कुठलं? माझं, की कुणाचंही?"

टब भंगारात गेला होता.

"स्वतःचं ओझं उतरवायला तुम्हाला माझंच घर सापडलं," पायलट म्हणाला. आवाज चढवला नव्हता. आयुष्यभर बेशिस्त प्रवाशांना उतरवलेला माणूस, त्याला आवाज चढवावा लागत नसे. "दार ओढून घ्या जाताना."

दोन दिवसांनी दुकान गजबजलेलं असताना सून आली. हातात खोकं. तिने ते गल्ल्याच्या काचेवर असं ठेवलं, की काच वाजली.

"हे परत घ्या. तुमचे पडदेवाले काका घरी येऊन सांगून गेलेत, पडदा चुकला होता म्हणून. आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललेलं नाही."

दुकानात मग कुजबूज. "कुठला पडदा? खालचा? म्हणजे आमचंही...?" एकाने हातातली पिशवी काचेवर ठेवली. दुसरा दारातूनच मागे वळला आणि कुणालातरी हाका मारू लागला. पडदेवाले आपल्या टेबलाशी उभे होते. समोर उघडं कॅबिनेट, वरच्या स्लॉटमध्ये थोरली. दोन मिनिटांत सगळ्यांना दाखवता आलं असतं. वर खोचून, खाली खोचून. फोटो मेहुण्याच्या फोनमध्ये होताच.

मेहुणा काचेच्या खोलीतून बाहेर आला. खोकं त्याने दोन्ही हातांनी उचललं, जणू लहान मूल. "ताई, हे मी परत घेतो. पैसे आत्ता देतो, वर एक जुनं चांगलं कार्ड देतो. एक शब्द विचारत नाही." मग आवाज खाली आणला, पण इतकाच की कुणाच्या कानातून निसटू नये. "आमच्या भाऊजींना हल्ली नीट दिसत नाही हो. घरातली गोष्ट, म्हणून बोललो नव्हतो. पडदा खरा होता. इतक्या लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की नाही? पण यांना आता समोरचं उमगत नाही, मग वाटत राहतं, चुकलं, चुकलं. जीव खातात स्वतःचा." आणि वळून, मायेने, "हो ना, भाऊजी?"

सगळे पडदेवाल्यांकडे बघू लागले.

दारात बायको उभी होती. ते सकाळी डबा विसरून आले होते, तो घेऊन आली होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. डबा या हातातून त्या हातात घेतला फक्त.

पडदेवाल्यांनी डब्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "अंधुकच दिसतं हल्ली."

या माणसाच्या खऱ्या शब्दालाही लोक आजवर प्रश्न करत आले होते. नक्की ना? पुन्हा एकदा दाखवा की. उजवीकडचं जरा परत लावा. यावर मात्र कुणी काही विचारलं नाही. पिशवीवाल्याने पिशवी उचलली. "असं होय," कुणीतरी म्हणालं. "वय आहे शेवटी," दुसरं कुणीतरी. जो दारातून लोकांना हाका मारत होता तो, "काही नाही, काही नाही," म्हणत आत आला आणि माऊस बघू लागला.

सुनेचा चेहरा पार बदलला. भांडायला आलेली मुलगी, डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. "अहो काका, मग सांगायचं नाही का! आणि असे एकटे आलात त्या दिवशी आमच्याकडे? एवढा रस्ता ओलांडून? आणि बाबा तुम्हाला काय काय बोलले हो." ती पुढे झाली, त्यांचा दंड धरला. "आमच्या दवाखान्यात या, डोळ्यांचे डॉक्टर बसतात. मी नंबर लावते."

"ताई, आज घेऊन जा त्यांना घरी," मेहुणा बहिणीला म्हणाला. "आणि घाई करू नका, भाऊजी. बरं वाटेल तेव्हा या. नाहीतर पडदा काय, मी बघतो."

एका बाजूने बायको, दुसऱ्या बाजूने सून, अशी वरात निघाली. दुकानदार आपापल्या दारात येऊन वाट देत होते. एकाने पुढे होऊन वाटेतलं रिकामं खोकं बाजूला केलं. बायकोचा हात त्यांच्या दंडावर होता, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जिना आला. पडदेवाल्यांना पायऱ्या दिसत होत्या. झिजलेल्या कडा दिसत होत्या, कठड्याचा उडालेला रंग दिसत होता, तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात कुणाचा तरी पडलेला बारीक स्क्रू आणि त्याच्या डोक्यावरची फुली दिसत होती.

"जपून हं, काका," सून म्हणाली. "इथे पायरी आहे."

"कुठे?" पडदेवाल्यांनी विचारलं, आणि पाय चाचपडत पुढे टाकला.